पिस्तूल आणि जामीन

गुन्हा शाबीत होण्यापूर्वी आरोपीस मोकळे ठेवावे की कोठडीत, हा प्रश्न न्यायदानाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १ जानेवारी २०१७ पासून रोख रकमेच्या जामिनाची रीत बहुतांशी मोडीत काढली. ज्याच्या गाठी पैसा तो घरी आणि निर्धन तो तुरुंगात, हा अन्याय टळावा, असा हेतू. रकमेच्या जागी गणित आले.

हे गणित नऊ बाबी पाहते. अटकेच्या वेळचे वय, सध्याचा आरोप हिंसेचा आहे काय, दुसरा खटला प्रलंबित आहे काय, पूर्वी कोणत्या शिक्षा झाल्या, तारखेस गैरहजेरी घडली काय, अशा त्या बाबी. वंश किंवा उत्पन्न विचारले जात नाही. गैरहजेरीच्या संभवाचा एक आणि नव्या गुन्ह्याच्या संभवाचा एक, असे एक ते सहापर्यंतचे दोन अंक न्यायाधीशापुढे येतात. हिंसेच्या संभवाची खूण निराळी.

आता एखाद्याच्या कमरेला बेकायदा पिस्तूल सापडले. त्याने ते कोणावर रोखले नाही की झाडले नाही. गणिताच्या व्याख्येत नुसते बाळगणे ही हिंसा नव्हे. पूर्वेतिहास स्वच्छ असला की अंक खालीच राहतो. हे विपरीत वाटेल. पण गणिताची बाजू अगदीच लंगडी नाही. अशा नोंदीचे किती जण पुन्हा गुन्ह्यात सापडतात, एवढेच ते सांगते. मात्र चौघे पाकीट मारतील की चौघे गोळी झाडतील, हा भेद त्या अंकात उमटत नाही. संभव किती आणि अनर्थ केवढा, ही दोन मापे वेगळी आहेत.

हा भेद लवकरच उघडा पडला. २०१७ च्या मे महिन्यात राज्याच्या महान्यायवादींनी बंदुकीच्या गंभीर आरोपांत कोठडीची मागणी करण्याकडे सरकारी वकिलांचा कल वळविला. त्याच वर्षी, पिस्तूल बाळगल्याच्या आरोपातून सुटलेल्या इसमाने थोड्याच दिवसांत खून केला, अशी तक्रार घेऊन मृताच्या आईने गणित रचणाऱ्या संस्थेवर दावा गुदरला. सदोष मालाबद्दल उत्पादकास जबाबदार धरतात, तसे संस्थेस धरावे, ही मागणी. हे गणित ‘माल’ नव्हे, असे म्हणून संघीय अपील न्यायालयाने २०२० साली दावा फेटाळणे कायम केले.

मग उत्तर कोणी द्यावे? कायद्याने अंकास शिफारशीपलीकडे स्थान दिलेले नाही. कोठडीसाठी सरकारने स्पष्ट व पटण्याजोगा पुरावा द्यावा लागतो, आणि सुटकेविषयीची शिफारस न्यायाधीशाने डावलली तर त्याची कारणे त्यालाच सांगावी लागतात.