टेकडीवरची भाऊबंदकी

मिरज-हुबळीकडून येणारी गाडी बंगळूरच्या यशवंतपूरला थांबली की नुसत्या नावानेच मराठी माणसाला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. स्टेशनाजवळच्या टेकडीवर इस्कॉनचं राधाकृष्णाचं देऊळ आहे, 1997 साली उघडलेलं. दर्शनाआधी 108 पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर महामंत्र. साठीनंतर मी मोजणं सोडून दिलं.

या देवळालाही एक तंटा चिकटलेला आहे; पण तंटा, धर्मांची चढाओढ म्हटली की आपल्याला दूरचे देश आठवतात. नायजेरियाच घ्या. तिथल्या योरुबा लोकांत एकाच घरातला एक भाऊ मशिदीत जातो, दुसरा चर्चमध्ये. ईदचं आणि नाताळचं जेवण मात्र एकत्र. चढाओढ तिथेही आहेच. रविवारी चर्चमध्ये लोटणारी तरुणांची गर्दी डोळ्यांसमोर होती, तेव्हा लागोसमध्ये 1995 साली निघालेल्या 'नासफात' या मुस्लिम संघटनेने रविवारचीच सामुदायिक प्रार्थना सुरू केली. शुक्रवार हातचा होताच, रविवारही घेतला! मला ही युक्ती फार आवडते. मुंबईच्या प्रार्थना समाजाची उपासनाही रविवारचीच होती, हे आठवावं.

परक्यांशी चुरस लागली की त्यांचं असं काहीतरी उचललं जातं. घरातल्या तंट्याचं तसं नाही.

या टेकडीचीच गोष्ट बघा. इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद नोव्हेंबर 1977 मध्ये वारले. त्याआधी जुलैत एक पत्र निघालं होतं : अकरा शिष्यांनी त्यांच्या वतीने दीक्षा द्यावी. बंगळूरकर म्हणाले, हे अकराजण नुसते प्रतिनिधी; गुरू कायम प्रभुपादच. मुख्य संघटनेच्या मते शिष्यांनाही पुढे गुरू होता येतं. वाद गुरूचा, पण कोर्टात गेला तो टेकडीचा : देऊळ मुख्य संघटनेच्या मुंबईतल्या संस्थेचं की बंगळूरच्या? 2001 मध्ये दावा दाखल झाला. 2009 ला बंगळूर जिंकलं, 2011 ला उच्च न्यायालयात मुंबई, आणि 16 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात पुन्हा बंगळूर. त्यावरही पुनर्विचाराची याचिका झालीच. कृष्ण एक, मंत्र एक, गुरूही एकच!

आपल्याला ही भाऊबंदकी नवी नाही. जवळच मल्लेश्वरमला काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे. 1669 साली एकोजी भोसल्यांच्या अमलात त्याला गाव इनाम मिळालं. त्याच एकोजींकडे आठ वर्षांनी थोरले भाऊ शिवाजी महाराज वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागत आले होते.

मुख्य संघटनेचंही एक देऊळ याच शहरात, शेषाद्रिपुरमला आहे, जगन्नाथाचं. परवा तिकडे निघालो होतो. ऑटोवाल्याला नुसतं 'इस्कॉन' म्हणालो, आणि त्याने मला पुन्हा टेकडीच्या पायथ्याशी आणून सोडलं.