प्रकल्प मुलांचा की आपला?



शाळेचा प्रकल्प आला की रात्री थर्माकोल कापायला आपण पालकच बसतो. गुण मुलाला मिळतात. शिकत मात्र कोणीच नाही. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी १० ते १७ वर्षांची मुले स्वतः परिसरातला प्रश्न निवडतात, मोजमाप करतात, निष्कर्ष मांडतात.

आपल्या सुरतेत प्रश्नांना काय तोटा? ऑगस्ट २००६ च्या पुरात तापीचे पाणी आपल्या सोसायटीत कुठवर चढले होते, हे मुलांनी शेजारच्या आजी-आजोबांना विचारावे, टेपने मोजावे, नकाशावर मांडावे. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर खरे संशोधन तिथूनच सुरू होईल.

आपण फक्त टेपचे दुसरे टोक धरू या.