दारात काढलेले बूट



आज माझ्या संशोधनाबद्दल बोलणार नाही. ते जिथे चालतं, त्या स्वालबार्ड बेटांवरच्या खाणकामगारांबद्दल बोलणार आहे.

नॉर्वेच्या उत्तरेला, ७८ अंश अक्षांशावर लाँगइयरब्येन हे गाव आहे. तिथे हॉटेलात, संग्रहालयात शिरताना बूट दारात काढावे लागतात. मला अगदी घरच्यासारखं वाटलं! पण ही चाल पडली कोळशाच्या काजळीमुळे, खाणीतून परतणाऱ्यांसाठी.

१९०६ साली वसलेलं हे गाव सर्वस्वी कंपनीचं. घर कंपनीचं, जेवण कंपनीचं. नोटासुद्धा कंपनीच्याच, जवळजवळ १९८० पर्यंत. कोळशाचे थर इतके बुटके की काही खाणींत कुशीवर पडून काम करावं लागे. बाहेर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. १९७५ साली विमानतळ झाला; त्याआधी बरीच वर्षं शरदातलं शेवटचं जहाज गेलं की वसंतापर्यंत सुटका नसे. बिअर आणि कडक दारू मोजून मिळे, कार्डावर. वाइनवर मात्र बंधन नव्हतं, कारण वाइन साहेबलोक पीत. थंडी सगळ्यांना सारखी, नियम मात्र सारखे नव्हते!

तिथून उत्तरेला नी-ओलेसुंद. भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून तिथेच आहे. हेही मूळचं कोळशाचंच गाव, खाण सरकारी कंपनीची. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी स्फोटात २१ कामगार गेले. काहींचे मृतदेह कधीच बाहेर काढता आले नाहीत. चौकशीत सुरक्षेतली हयगय उघड झाली आणि १९६३ साली संसदेत गेरहार्डसेन यांचं सरकार पडलं. महिन्याभरात ते परत सत्तेवर आले, हेही सांगायला हवं. पण खाण कायमची बंद झाली, आणि पुढे तिथे शास्त्रज्ञ आले.

म्हणजे आम्ही ज्या वस्तीत हवामान मोजतो, ती या माणसांनी उभी केलेली आहे. २०२५ साली नॉर्वेची तिथली शेवटची कोळसा खाणही बंद झाली. हवामानाचा अभ्यासक म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण कोळसा वाईट म्हणताना कोळसा काढणाऱ्याला विसरू नये, एवढंच मला वाटतं.

आणि एक प्रश्न. २१ खाणकामगारांच्या मृत्यूने तिथलं सरकार पडलं. आपल्याकडे खाण अपघातांनी किती सरकारं पडली? जरा आठवून पाहा.