चूक कुठल्या ओळीत?

गणिताच्या प्राध्यापकाची जबाबदारी किती? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत तिचा हिशेब आहे: वर्षाला अध्यापनाचे १८० दिवस, सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास. पेपर कसा तपासावा, हे मात्र तासांत मोजता येत नाही.

बी.ए.ला मी गणित घेतलं होतं. तेव्हा आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. सोलापूरचं विद्यापीठ २००४ साली झालं. चाचणीत एका गणिताला शून्य मिळालं. विषय सोडायच्या बेतानंच सरांकडे गेलो. त्यांनी पेपर पुन्हा वाचला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "इथं चिन्ह चुकलं. पुढची रीत बरोबर आहे." आणि पायऱ्यांचे गुण दिले.

अब्बा यंत्रमागावर होते. धागा तुटला की माग थांबवून तिथंच गाठ मारायचे. चादर टाकून देत नसत.

उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये मान्य केला. पण त्या पानावर नुसती फुलीच असेल, तर पोरानं त्यातून शिकायचं काय? सर, फुलीशेजारी एक शब्द लिहा. एखादं पोर तेवढ्यानं टिकेल. मी टिकलो.