नेमाची मूठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी सांगली येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘आपली भक्ती, आपले खेळवेड आणि आपले दान’ असा. एका भाषणात तीन विषय कसे कोंबावयाचे, असे प्रथम वाटले. परंतु कृष्णाकाठच्या बाईला हा प्रश्न फार वेळ पडावयास नको. आपल्याकडील कोणत्याही गावची जत्रा डोळ्यांपुढे आणा. सकाळी देवाला अभिषेक, दुपारी नैवेद्य, रात्री पालखी आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी कुस्त्यांचा फड. त्या फडाचा खर्च भागे तो गावाच्या वर्गणीतून. देव, खेळ आणि देणे ही तिन्ही एकाच मैदानात, एकाच हलगीच्या तालावर नांदत होती. पुष्कळ गावांत अजूनही नांदतात.

प्रथम लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागावयाच्या. मग बक्षिसाचा आकडा चढत जावयाचा आणि दिवस मावळता मावळता शेवटची मोठी जोड. जिंकलेला मल्ल मैदानाला फेरी मारू लागला म्हणजे एखादा म्हातारा कनवटीची घडी केलेली नोट काढून त्याच्या हाती ठेवी. ती वर्गणीच्या वहीत कधीच चढत नसे. तालमीत पाहावे तर कोनाड्यात मारुती, आणि हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल! इतके उपचार तर आपण आपल्या केसांनाही करीत नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबाग मैदान बांधले, ते १९१२ साली खुले झाले. कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि १९६४ साली ते हिंदकेसरी झाले. हे सारे आपणांस पाठ आहे. पण असा एक मल्ल वर येतो तेव्हा मागे तालमीत शंभर पोरे जोर काढीत असतात, आणि त्यांच्या दुधाची सोय कोणते ना कोणते घर मुकाट्याने करीत असते, हे आपण सहसा बोलत नाही.

आणि त्या वेळी आपण बायका कोठे होतो? घरी पुरणपोळ्या लाटीत होतो. फडाची आरोळी आम्हांला ऐकू येई ती स्वयंपाकघरात. असो.

आता गेल्या २ नोव्हेंबरची, म्हणजे २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची रात्र आठवा. सामना नवी मुंबईस, आणि दिवस नेमका कार्तिकी एकादशीचा. पंढरपुरात चंद्रभागेकाठी वारकऱ्यांची दाटी आणि आमच्या गल्लीत दूरदर्शन संचापुढे बायकांची दाटी. पावसाने खेळ उशिरा सुरू झाला. समोरच्या मावशींनी खरोखरच बाळकृष्ण ताम्हनात घालून देव पाण्यात ठेवले होते. आपल्या सांगलीची स्मृती मानधना ४५ वर बाद झाली, तेव्हा त्यांनी पाणी बदलले! पुढे शफाली वर्माच्या ८७ धावा झाल्या, दीप्ती शर्माने पाच बळी घेतले, आणि हरमनप्रीतने शेवटचा झेल टिपला तेव्हा मध्यरात्र झाली होती. एकादशीचा उपास सुटावयाच्या आधीच गल्लीत पेढे वाटले गेले. त्याआधी तीन दिवस उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढणाऱ्या जेमिमा रॉड्रिग्जने सामना संपताच येशूचे आभार मानले होते. ज्याचा त्याचा देव, पण हात जोडण्याची रीत एकच.

या वेडाला हसणाऱ्यांपैकी मी नव्हे. देव पाण्यात ठेवणाऱ्या बाईला खेळातले कळत नाही असे जे म्हणतात, त्यांनी आमच्या मावशींना पायचीतचा नियम विचारून पाहावा. मला म्हणावयाचे आहे ते निराळेच. वारकऱ्याची भक्ती आणि आपली त्या रात्रीची भक्ती यांत एक फरक आहे, आणि तो आहे नेमाचा. वारकरी पाऊस पडो न पडो, पीक येवो न येवो, वारी चुकवीत नाही. दिंडीत जेवणाखाणासाठी जी रक्कम भरतात तिलाही भिशीच म्हणतात, हे आपल्यापैकी भिशी लावणाऱ्या भगिनींना ऐकून गंमत वाटेल. पालखीच्या वाटेवर कित्येक घरे अशी आहेत की, अमुक मुक्कामाची पिठले-भाकरी त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. कोणी आठवण द्यावी लागत नाही.

आमची खेळभक्ती मात्र अंतिम सामन्याला जागी होते. २००५ साली याच महिला संघाने विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली होती. त्या वेळी सामन्यामागे एक हजार रुपये मिळत, असे मिताली राज यांनी पुढे सांगितले आहे. तेव्हा किती घरांत देव पाण्यात होते? २०२५ च्या विजयानंतर क्रिकेट नियामक मंडळाने संघाला ५१ कोटींचे बक्षीस जाहीर केले, ते योग्यच झाले. पण जिंकल्यावर देणारे पुष्कळ मिळतात. खेळणाऱ्याला खरी गरज असते ती जिंकण्याच्या दहा वर्षे आधी.

दानाचेही हल्ली असेच होऊ लागले आहे. मागल्या पिढीत मुष्टिफंड असे. कर्मवीर भाऊराव पाटील मूळचे आपल्याच जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांचे पोट भरले ते खेड्यापाड्यांतील बायकांनी दळणातून बाजूला ठेवलेल्या मुठीमुठीवर. लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, त्या मुलांसाठी दिले. ही गोष्ट आपण फार भक्तिभावाने सांगतो, पण मला त्या निनावी मुठी जास्त मोठ्या वाटतात. मंगळसूत्र एकदाच देता येते. मूठ रोज द्यावी लागते.

आता मूठ गेली आणि हाती फोन आला. देवळाच्या पायरीवर दानपेटीशेजारी चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटविलेला असतो. तो फोनला दाखविला की अकरा रुपये देवाच्या खात्यात जमा! याला नावे ठेवणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींशी माझे पटत नाही. स्वतःच्या खात्यातून, घरात कोणाला न विचारता, स्वतःच्या मनाने देणारी बाई आज ठिकठिकाणी दिसते. तिच्या आजीला पदराच्या गाठीतली चवली सोडतानाही मागे वळून पाहावे लागे. कायदेही बदलले. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि त्यांत खेळाचे शिक्षणही बसते. रोख दिलेली देणगी दोन हजारांच्या वर असेल, तर २०१७ पासून तीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही. त्यामुळे पावती-पुस्तके नीट राहू लागली. शेगावच्या संस्थानात तर पैशाबरोबर अंगमेहनतीचेही दान चालते, आणि सेवेसाठी लोक आपली पाळी येण्याची वाट पाहतात.

खटकते ते एवढेच की, देणे आता लाटेसारखे येते. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाखाली कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर चढले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने आपल्याला भरभरून दिले. त्यांचे उपकार आपण विसरणार नाही. पण त्याच लाटेत जुन्या कपड्यांचे जे ढीग येऊन पडले, ते आपणच उपसले आहेत. चिखलातून घर धुऊन काढणाऱ्या बाईला जरीची फाटकी साडी काय कामाची? आणि दिवाळी आली, चुली पुन्हा मांडावयाच्या, मुलांची पुस्तके घ्यावयाची, तेव्हा लाट ओसरून गेली होती. मिरजेच्या माझ्या एका मुसलमान मैत्रिणीने त्या वेळी मला म्हटले होते, “आमच्यात जकात म्हणजे शिलकीचा चाळिसावा हिस्सा, दर साल. मन भरून येवो अगर न येवो.” मन भरून येण्याची वाट न पाहणारे दान मला फार शहाणपणाचे वाटते.

आता आपल्या दारातली गोष्ट. पलीकडच्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी चौदा मुली खो-खो खेळतात. तुम्ही भाजी आणावयास जाता तेव्हा त्यांचा ‘खो’ ऐकू येतो. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीस खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, त्यांत आपल्या मुलींनी नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी हरविले. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे आणि विजयी पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. त्या रात्री गल्लीत पेढे वाटल्याचे मला तरी आठवत नाही. त्या चौदांपैकी चार मुली पावसाळ्यानंतर मैदानावर येईनाशा झाल्या. मी एकीच्या आईला विचारले. ती आपल्यापैकीच तीन घरी पोळ्या लाटते. ती म्हणाली, “बाई, खेळून आली म्हणजे तिला भूक फार लागते हो.” यापुढे तिने काही सांगितले नाही, आणि मलाही काही विचारवले नाही.

वर्धापनदिनाच्या शिलकेतून शाळेला एक मोठा धनादेश देऊन समारंभ करावा, अशी एक सूचना आली आहे. माझा तिला स्पष्ट विरोध आहे. धनादेशाचा फोटो होईल, सतरंज्या येतील, आणि मुली संध्याकाळी उपाशीच घरी जातील. त्याऐवजी हिशेब पाहा. आपण साठ सभासद. दर एकादशीला प्रत्येकीने पन्नास रुपये काढले, तर महिन्याला सहा हजार होतात. चौदा मुलींना पेलाभर दूध म्हणजे रोज पावणेतीन लिटरच्या आसपास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर बेचाळीसशे रुपयांत भागते. उरलेल्यांत शेंगदाणे आणि गूळ. वर्षाच्या चोवीस एकादश्या, आणि अधिक महिना आला तर सव्वीस. तो वरचा पैसा स्पर्धेच्या गावी जाण्याच्या भाड्याला ठेवावा. साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, रताळी, तूप यांवर आपला उपास जेवणापेक्षा महाग पडतो, हे आपल्यांतच बोलावयास हरकत नाही. ज्यांची एकादशी नसेल त्यांनी आपला शुक्रवार, रविवार, पर्युषण, काय असेल ते धरावे. डबा एकच.

खेळाची सोय करणे सरकारचे काम आहे असे कोणी म्हणेल. आहे, आणि त्यासाठी अर्जही करू. मसुदा मी लिहून आणला आहे. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत भूक थांबत नाही. दोन अटी मात्र मी घालीत आहे. दूध पिताना मुलींचा फोटो काढावयाचा नाही. आणि त्या सामना हरल्या म्हणून दूध बंद करावयाचे नाही.

डबा खजिनदार वहिनींकडे राहील. ज्यांना फोनवरून द्यावयाचे असेल त्यांनी मंडळाच्या खात्यात भरून वहिनींना कळवावे. दूध तापवून साडेसहाला मैदानावर पोचविण्याच्या पाळ्यांचा कागद दाराशी लावला आहे. मावशींनी बुधवार घेतला आहे. सोमवार आणि गुरुवार अजून रिकामे आहेत.