देखरेख, निगा आणि एक इंग्रजी क्रियापद



आज मंडळाच्या वर्धापनदिनी आपण मला चार शब्द बोलण्यास सांगितलेत, याबद्दल मी आपली आभारी आहे. चार शब्दांऐवजी मी एकाच शब्दावर बोलणार आहे, आणि तोही इंग्रजी. तेव्हा आधीच क्षमा मागून ठेवते. तो शब्द म्हणजे 'सुपरवाइझ'.

निमित्त घरचेच आहे. आपल्या मंडळाच्या दुपारच्या इंग्रजी वर्गात गेल्या महिन्यात एक काकू नोकरीचा छापील अर्ज घेऊन आल्या. त्या येथे लातुरात एका पोळीभाजी केंद्रात बारा बायकांच्या कामावर देखरेख करतात. तेच त्यांना अर्जात इंग्रजीत लिहावयाचे होते. त्यांनी आपल्या बुद्धीने वाक्य जुळवून आणले होते, 'आय ओव्हरलुक ट्वेल्व्ह विमेन.' 'ओव्हर' म्हणजे वर, 'लुक' म्हणजे पाहणे; हिशेब अगदी चोख! पण वाचणारा त्याचा अर्थ असा घेईल, की 'मी बारा बायकांकडे दुर्लक्ष करते.' वर्गात हशा पिकला. काकूही हसल्या.

मग आम्ही फळ्यावर नीट वाक्य मांडले, 'आय सुपरवाइझ ट्वेल्व्ह विमेन.' येथे आपली मराठी एक छोटासा खड्डा खणून ठेवते. आपण 'बायकांवर' देखरेख करतो म्हणतो. म्हणून हात आपोआप 'सुपरवाइझ ऑन' किंवा 'सुपरवाइझ ओव्हर' लिहून जातो. इंग्रजीत तो 'वर' लागत नाही, कारण 'सुपर' या अक्षरांतच तो बसलेला आहे. लॅटिन भाषेत 'सुपर' म्हणजे वर, आणि पुढच्या भागाचे मूळ आहे पाहणे. 'ती मुलींवर देखरेख करते' याचे 'शी सुपरवाइझेस द गर्ल्स' एवढेच होते. उलट 'तिच्या देखरेखीखाली' म्हणावयाचे झाले, तर 'अंडर हर सुपरव्हिजन'. तेथे मात्र आपले 'खाली' आणि त्यांचे 'अंडर' बरोबर जुळतात. परीक्षेच्या दिवसांत शिक्षक 'मला सुपरव्हिजन आहे' म्हणतात, तेच हे.

व्याकरण इतकेच. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गंमत पाहा, 'सुपरवाइझ' आणि 'ओव्हरलुक' या दोन्ही शब्दांत वरून पाहणेच आहे; एकाचा अर्थ देखरेख झाला, दुसऱ्याचा कानाडोळा. 'ओव्हरसाइट' हा तर एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात, देखरेख आणि नजरचूकही! काकूंच्या चुकीला आम्ही हसलो. तीच चूक मी पूर्वी प्रत्यक्ष करून बसले होते. आज ती आपल्यापुढे सांगते.

अनेक वर्षांपूर्वी नांदेडला मी एका मुलींच्या वसतिगृहावर होते. नेमणुकीच्या कागदात माझे काम त्याच इंग्रजी शब्दात लिहिले होते. किनवट, मुखेड, कंधार, बिलोलीकडच्या खेड्यांतल्या साठ मुली होत्या. रोज रात्री जेवणाच्या वेळी मी वरच्या सज्जात उभी राहून पंगतीतली डोकी मोजी. साठ भरली, की नोंदवहीत 'सर्व ठीक' लिहून सही करी. माझी वही एक दिवस चुकली नाही.

त्या पंगतीत किनवटकडची एक मुलगी आठ दिवस तापाने फणफणत बसत होती. घरी परत धाडतील या भीतीने ती बोलली नाही. ती रोज हजर होती, म्हणून रोज माझे 'सर्व ठीक' होते. अखेर स्वयंपाकाच्या मावशींनी तिला दवाखान्यात न्यायला लावले. हिवताप होता. मुलगी बरी झाली, पण त्या वर्षीची तिची परीक्षा बुडाली. आणि पुढच्या वर्षी घरच्यांनी तिला पाठवली नाही. मी मावशींना विचारले, तुम्हांला कसे कळले? त्या म्हणाल्या, "बाई, तुमी डोसकी मोजता, मी ताटं बगते. तिच्या ताटात भाकरी तशीच ऱ्हात हुती."

भगिनींनो, वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे होती, पण मुलींची निगा त्या मावशी राखीत होत्या. हा 'निगा' शब्द मोठा गोड आहे. तो फारसीतून आला. तेथे 'निगाह' म्हणजे नजर. आपल्या मराठवाड्यात 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचे राज्य होते, सरकारी कारभार उर्दूत चाले. त्या दफ्तरात 'निगरानी' होती, म्हणजे पाळत किंवा देखरेख. तिच्यातही पाहणेच. पण मराठी घरात 'निगा' शिरली ती लेकराची, गुराची, रोपट्याची. पाहण्याचे सांभाळणे झाले, ते वरून खाली उतरल्यामुळे, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, की हे घरापुरते झाले. मोठ्या कामात वरूनच पाहावे लागते. त्याला उत्तर आपल्या लातूरनेच दिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. भिंती फुटल्या आणि सगळे अंगावर आले. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील शेकडो गावांत घरांची दुरुस्ती व बळकटी करण्याचा कार्यक्रम निघाला. त्यात गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले. घराघरांत जाऊन माहिती सांगणे आणि काम नीट होते की नाही ते पाहणे त्यांच्याकडे आले. भिंतीचे दोन पदर बांधणारा आरपार दगड बसला का, कोपरे जखडले का, छताचा भार कमी केला का, हे गवंड्याला विचारणाऱ्या त्या आपल्यासारख्याच बायका होत्या. ते घर त्यांच्याच लेकरांच्या डोक्यावर उभे राहणार होते. जवळून पाहण्याला याहून मोठे कारण कोणते?

अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाईंना इंग्रजीत सुपरवायझर म्हणतात; मराठीत पर्यवेक्षिका, आणि मुख्यसेविकाही. जिचा हुकूम चालतो तिला सेविका म्हणावे, यात मला शहाणपण दिसते.

पुढच्या वर्गात मी काकूंना विचारले, केंद्रात तुम्ही नेमके काय पाहता? त्या म्हणाल्या, "कोणाचा हात भाजलाय, कोणाचं लेकरू घरी आजारी आहे, कोण मुकाट्यानं दुसरीचं काम ओढतेय, हे आधी पाहते. पोळ्या मागून मोजते." मी म्हटले, काकू, अर्जात निर्धास्तपणे 'सुपरवाइझ' लिहा, तुमच्या हातून तो शब्द खोटा पडणार नाही.

आपणा सर्वांकडेच कोणाची ना कोणाची देखरेख आहे. सून, सासू, शिक्षिका, मंडळाच्या पदाधिकारी, कोणीही यातून सुटलेली नाही. आज पंगतीत वाढताना पाने मोजालच. पण कोणाच्या पानात काय तसेच राहिले आहे, तेही वाकून पाहा, एवढीच माझी विनंती. मी ते उशिरा शिकले.