गिअरची सायकल: खटक्याचा लिव्हर घ्यावा की बिनखटक्याचा?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आजचा विषय जरा वेगळा आहे. स्वयंपाकाचा नाही, बचतीचा नाही, पण दोन्हींशी त्याचा संबंध आहे. आपण सायकलच्या गिअरविषयी बोलणार आहोत.

आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलसाठी मदत मिळते, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. ती सायकल बहुधा साधी असते. पण आता कुणी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून जुनी गिअरची सायकल आणतं, कुणी गटाचं कर्ज काढून नवी घेतं. चार महिने ती झकास चालते. मग एक दिवस गिअर पडेनासा होतो, चेन अवघड जागी अडकून बसते, चढाला पोरीचा जीव जातो. सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते ती टेकतेच. पोरगी पुन्हा एसटीची वाट बघत फाट्यावर उभी. एसटी चुकली की त्या दिवशीची शाळाही बुडते.

अशा दहा सायकली बघितल्या तर बहुतेकींमध्ये मोठं काही मोडलेलं नसतं. वायर ढिली झालेली असते, कव्हरात माती गेलेली असते, नाहीतर लिव्हरचा एक स्क्रू सैल झालेला असतो. हे आपल्याला घरी करता येतं.

आधी गिअर म्हणजे काय ते बघू. पुढे पायडलजवळ दोन-तीन दातेरी चकत्या असतात, मागच्या चाकाला सहा-सात. पुढे २८ दाते आणि मागेही २८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो. पाय हलका पडतो, चढ चढतो. पुढे ४२ आणि मागे १४ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरतं. सपाट रस्त्याला वेग येतो, पण चढाला पाय भरतात. चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलायचं काम मागे लोंबणारा एक हात करतो. दुकानदार त्याला डिरेलर म्हणतात. त्या हातात स्प्रिंग असते. स्प्रिंग त्याला एका बाजूला ओढते, वायर दुसऱ्या बाजूला. वायर किती ओढायची ते हँडलवरचा लिव्हर ठरवतो. लिव्हर दोन तऱ्हेचे असतात.

पहिला बिनखटक्याचा. तुम्ही तो सरकवाल तिथे थांबतो. आत चकत्या दाबून बसवलेल्या असतात, त्यांच्या घासण्यानं तो जागेवर राहतो. चेन नीट बसली की नाही हे कानानं ओळखायचं. खरखर ऐकू आली तर लिव्हर किंचित पुढे-मागे करायचा, आवाज थांबला की झालं. शिलाई मशीनचा आवाज बदलला की दोरा कुठे अडकला ते तुम्हाला कळतं ना, तसंच. शिकायला आठ-दहा दिवस लागतात.

दुसरा खटक्याचा. एक खटका वाजला की एक गिअर बदलतो. प्रत्येक खटक्याला वायर ठरावीक मापानंच ओढली जाते. सात गिअरच्या नेहमीच्या सायकलीत ते माप तीन मिलिमीटरपेक्षाही थोडं कमी असतं. मूठ पिळून बदलायचा गिअर बहुधा याच जातीचा असतो. वापरायला सोपा, लहान मुलीलाही लगेच जमतो. पण माप एवढं बारीक असल्यानं वायर जराशी ढिली झाली तरी खटका एका जागी आणि चेन दुसऱ्या जागी अशी गत होते. १९८४ साली शिमानो या जपानी कंपनीनं ही खटक्याची पद्धत बाजारात आणली, आणि पुढे ती सगळीकडे पसरली. त्याआधी जगभर बिनखटक्याचेच लिव्हर जास्त चालत.

मग घ्यायचा कुठला? सायकल रोज शाळेला जाणार, मुलगी लहान आहे आणि जवळच्या गावात गिअर समजणारा मिस्त्री आहे, तर खटक्याचा घ्या. मिस्त्री लांब आहे, रस्ता मातीचा आहे, सायकल घरातले चार जण चालवतात, तर बिनखटक्याचा बरा. त्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. शिवाय तो मागे पाच चकत्या असोत की सात, कुठल्याही कंपनीच्या गिअरला चालतो. खटक्याचा लिव्हर मात्र मागच्या चकत्यांच्या संख्येशी आणि गिअरच्या जातीशी जुळावाच लागतो. मागे सहा चकत्या असताना सातचा लिव्हर बसवला तर कितीही जुळवा, गिअर नीट पडणार नाही. म्हणून लिव्हर बदलायला जाताना मागच्या चकत्या मोजून जा, शक्यतो जुना लिव्हर पिशवीत घेऊन जा.

खाली वळलेल्या हँडलच्या सायकलींना हँडलच्या टोकात बसणारे लिव्हर मिळतात. दोन-दोनशे, सहा-सहाशे किलोमीटरचा पल्ला मारणारे काही सायकलस्वार मुद्दाम ते पसंत करतात. त्यातल्या बऱ्याच जुन्या लिव्हरांत उजवा लिव्हर खटक्यावर किंवा बिनखटक्यावर, दोन्ही तऱ्हेनं चालवता येतो आणि डावा बिनखटक्याचाच असतो. रानात खटका चुकायला लागला तर तो बंद करायचा आणि कानानं गिअर लावत घर गाठायचं. आपल्या सरळ हँडलच्या सायकलीला ते लिव्हर लागत नाहीत. पण आडरस्त्याला आपल्या हातानं सुधारता येईल तीच वस्तू घ्यावी, हा त्यांचा हिशेब आपल्याही कामाचा आहे.

आता निगा. कागद-पेन्सिल घेतली तर बरं.

एक. बिनखटक्याचा गिअर चालता चालता आपोआप बदलत असेल, तर लिव्हरच्या मधोमध असलेला स्क्रू थोडा आवळा. लिव्हर अंगठ्यानं हलावा, पण स्प्रिंगच्या ओढीनं सरकू नये, इतकाच. या लिव्हरच्या चकत्यांत तेल कधीही घालू नका. घासण्यावरच तो उभा आहे, तेल पडलं की घसरलाच.

दोन. खटक्याचा गिअर मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करत असेल, तर वायर ढिली आहे. मागच्या गिअरवर वायर जिथे आत शिरते तिथे हातानं फिरणारी एक छोटी नळी असते. तिच्या आटी बाहेर निघतील अशी पाव फेरा फिरवा. वायर ताणली जाते. पायडल फिरवून गिअर बदलून बघा, मग लागला तर आणखी पाव. चेन लहान चकतीवर उतरायला वेळ लावत असेल, तर नळी आत फिरवा. नव्या सायकलीत पहिल्या महिन्या-दीड महिन्यात वायर आणि कव्हर जागेवर बसताना थोडा ढिलेपणा येतोच. त्यात सायकल खराब निघाली असं काही नाही.

तीन. नळी फिरवूनही चेन खाली उतरायला अडत असेल, तर कव्हरात माती आणि गंज आहे. वायर काढून पुसा, दोन थेंब पातळ तेल लावून परत घाला. तारेचे धागे सुटले असतील तर नवीच घाला. गिअरची वायर ब्रेकच्या वायरपेक्षा बारीक असते, आणि दोन्हींची कव्हरंही वेगळी असतात. गिअरच्या वायरचं कव्हर ब्रेकला कधीच लावू नका. जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं आणि ऐन उतारावर ब्रेक जातो. मिस्त्री म्हणाला ‘चालतंय की ताई’, तरी नाही म्हणायचं.

चार. सायकल आडवी ठेवायची तर डाव्या अंगावर, टेम्पोत टाकतानाही गिअरची बाजू वर. उजव्या अंगावर आपटली की गिअर टांगलेली पट्टी आत वाकते. मग खटका काही केल्या जुळत नाही. त्याहून वाईट म्हणजे सगळ्यात मोठ्या चकतीवर गेल्यावर गिअर चाकाच्या तारांत शिरतो, आणि चाकासकट सगळंच मोडतं. मागून बघा. लोंबता हात चकत्यांशी सरळ रेषेत हवा. वाकलेला दिसला तर मोठी चकती वापरू नका, मिस्त्रीकडे न्या.

पाच. गिअर बदलताना पायडल फिरतं हवं, पण पाय हलका. चढ लागायच्या आधीच गिअर बदला. चढाच्या मध्यावर, सगळा भार पायडलवर असताना बदललात तर चेन कडकडते आणि तुटूही शकते. पुढची मोठी आणि मागचीही मोठी अशी जोडी लावू नका, चेन तिरकी ताणली जाते.

आणि वाटेत वायर तुटलीच तर? बहुतेक सायकलींत चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर, म्हणजे जड गिअरवर येऊन बसते. घाबरायचं नाही. पुढची चेन लहान चकतीवर घ्या, पाय हलका होईल. मागच्या गिअरवर दोन बारीक स्क्रू असतात, एक ‘एच’ खुणेचा आणि एक ‘एल’ खुणेचा. मागचं चाक उचलून पायडल फिरवत ‘एच’चा स्क्रू आत आवळला, तर चेन पुढच्या एका मोठ्या चकतीवर जाऊन थांबू शकते. नवी वायर घालताना तो परत होता तिथे आणा. ‘एल’चा स्क्रू मात्र छेडू नका. गिअर चाकाच्या तारांत जाऊ नये म्हणून तोच आडवा उभा असतो.

हे सगळं करायला एक स्क्रू ड्रायव्हर, एक पकड, पाच मिलिमीटरची एलन की, तेलाची बाटली, जुनं फडकं आणि एक जास्तीची गिअर वायर लागते. प्रत्येकीनं घ्यायची गरज नाही. गटाच्या पेटीत एक संच ठेवा. पुढच्या बैठकीला कुणाची तरी बंद पडलेली सायकल अंगणात आणा, मागचं चाक दोरीनं टांगा आणि एकेकीनं ती नळी फिरवून बघा. मुलींनाही बोलवा. सायकल त्यांची आहे, पाना त्यांच्याच हातात द्या.